पाणी टिपणे

गाडी धुण्याचे शास्त्र सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. धुतलेली गाडी कोरडी कशी करावी हे सांगणारा विरळा. धुणे आटोपले की बादली उपडी करावी, हात झटकावेत आणि पुढचे काम सूर्यनारायणाच्या स्वाधीन करून चहाला निघून जावे, अशीच दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीची सर्वसाधारण रीत आहे. आम्हां कारकून मंडळींना प्रकरण वरच्याकडे पाठवून मोकळे होण्याची सवय असतेच. तिचाच हा रविवारचा अवतार म्हणावयाचा. आम्ही मात्र या बाबतीत निराळ्या पंथाचे आहो. धुण्यात थोडे उणे राहिले तरी चालेल, पण पाणी अंगावर वाळू देऊ नये, हा त्या पंथाचा एकमेव नियम.

त्याचे कारण पाण्यातच आहे. उन्हाने उडून जाते ते केवळ पाणी; त्यात विरघळलेले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार जागच्या जागी राहतात आणि प्रत्येक थेंब आपल्या काठाने एक पांढरे कडे मागे ठेवून जातो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ असावेत असे भारतीय मानक सांगते, आणि दुसरी सोय नसल्यास २,००० पर्यंत चालवून घेते. म्हणजे प्रशस्तिपत्र मिळालेले पाणीसुद्धा पाव लिटरभर गाडीवर वाळले, तर सव्वाशे मिलिग्रॅम क्षार तिच्या अंगावर बसू शकतात. हे डाग ताजे असेतोवर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. चार उन्हे खाल्ली की ते रंगावरच्या पारदर्शक थरात रुतू लागतात आणि मग कारागिराचे पाय धरावे लागतात.

आमच्या शेजारी घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आहेत आणि त्यांनी टाकून दिलेले पाणी पिंपात साठवून गाडी धुण्याचा प्रघात आहे. ही काटकसर स्तुत्य होय. २०२४ च्या मे महिन्यात दिल्ली सरकारने नळीने गाड्या धुणाऱ्यांस २,००० रुपये दंड फर्माविला, तेव्हापासून तर तिला राजमान्यताच आली. पण यंत्राने जे क्षार गाळून वेगळे काढले, ते सारे याच पाण्यात उतरलेले असतात, हे विसरून चालत नाही. म्हणून धुवावे या पाण्याने. शेवटची अर्धी बादली मात्र चांगल्या पाण्याची असावी. तीही शिंपडू नये. टपावरून संथपणे, धार न तोडता सोडावी. तशी सोडली की पाणी पदरासारखे सरकत खाली उतरते आणि मागे थोडेच थेंब राहतात. फवारा मारला की त्याच पाण्याचे सहस्र थेंब होतात आणि तितकी टिपण्याची कामे वाढतात. हे सर्व ज्येष्ठात सकाळी सहाच्या आत उरकावे. आठ वाजता टप तव्यासारखा तापतो आणि फडके पोहोचण्यापूर्वीच पाणी आपले अक्षर उमटवून नाहीसे होते.

आता फडक्यांविषयी. जाणकारांत जुना मान 'शॅमी' नामक कातड्याचा. युरोपातील डोंगरी बकऱ्यासारख्या एका जनावरावरून त्याला हे नाव पडले; हल्ली ते बहुधा मेंढीचे असते आणि माशाच्या तेलात कमावलेले असते. (ही दुसरी हकीकत आम्ही घरात मातोश्रींच्या कानी जाऊ दिलेली नाही.) ते भिजवून, पिळून मगच वापरावे लागते, आणि उन्हात टाकले तर पापडासारखे कडक होते. हल्लीच्या मंडळींचा भरवसा मायक्रोफायबरवर. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचे तंतू चिरून केसाहून पुष्कळ बारीक केलेले असतात, त्यामुळे ते कापड आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते. परंतु त्याचे सोवळे कडक आहे. सुती कपड्यांबरोबर ते धुवावयाचे नाही, आणि एकदा जमिनीवर पडले की गाडीच्या अंगाला पुन्हा लावावयाचे नाही. रबरी पट्टीचा वायपर काचेला उत्तम. पत्र्यावर तिच्याखाली वाळूचा एक कण सापडला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली जाते. वारा फेकणारे यंत्र आरशाच्या बगलेतले आणि दाराच्या मुठीआडचे पाणी सुरेख काढते, पण रविवारी पहाटे ते चालविणाऱ्याविषयी वसाहतीत काय बोलले जाते, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

आमच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. आमच्याकडे धोतराचे पान होते.

आमचे तीर्थरूप सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतरची अखेरची वर्षे त्यांनी आमच्यापाशी काढली, आणि दिल्लीच्या थंडीतही धोतर सोडले नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. ट्रंकेत दोन पाने राहिली. गावी असतो तर त्यांची गोधडी शिवली असती किंवा लहान मुलाची दुपटी झाली असती. येथे आमच्या कन्येला नववे लागलेले, आणि पांघरुणे दुकानातून येतात. त्या पानांना हात लावण्याची आमची छाती नव्हती. एका रविवारी मातोश्रींनीच एक पान बाहेर काढले आणि आमच्यादेखत टरकावून त्याचे आठ तुकडे केले.

"ट्रंकेत ठेवून कसर खाणार," त्या म्हणाल्या. "त्यांना पडून राहिलेले काही आवडत नसे. वापर तू."

काठाची पट्टी तेवढी त्यांनी काढून घेतली. तिचे काय केले ते आम्ही विचारले नाही.

वर्षानुवर्षे धुतलेल्या त्या सुतात ना खळ उरली होती, ना तूस. ओला करून पिळलेला तुकडा टपावर सपाट पसरावा, दोन कोपरे धरावेत आणि केवळ त्याच्याच वजनाने तो आपल्याकडे ओढून घ्यावा. दाबावयाचे नाही, घासावयाचे नाही. पुसणे निराळे आणि टिपणे निराळे. तीर्थरूपांच्या टेबलावर टिपकागद लावलेला एक लाकडी गोलवा असे. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही केली की तो ते शाईवर एकदाच टेकवून उचलीत. अक्षर फिसकटलेले आम्ही कधी पाहिले नाही. मात्र त्यांचा पीळ आमच्या मनगटाला येत नाही. नळाला धोतर अडकवून ते असे पिळीत, की वलणीवर टाकल्यावर खाली थेंब पडत नसे. आम्ही कन्येला एक टोक धरावयास देतो आणि दोघे उलट दिशांनी फिरवितो. तेव्हा कोठे जमते.

आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, शेवटी दारे. चाकांना आणि खालच्या कडांना वेगळे फडके. दारे उघडून चौकटीही टिपाव्यात, आणि दारांच्या तळाशी पाणी जाण्याची जी भोके असतात ती मोकळी आहेत ना, ते पाहावे; गंज बहुधा तेथून शिरतो. मग वसाहतीला एक फेरी घालून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावेत, म्हणजे चकत्या कोरड्या होतात. ओल्या ब्रेकांवर हातब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवू नये.

आठांपैकी सहा तुकडे आता उरले आहेत. त्यांतले दोन इतके विरले आहेत की उजेडाकडे धरले तर पलीकडचा कडुनिंब दिसतो. ते आम्ही केवळ काचांना वापरतो. दारांसाठी गेल्या महिन्यात मायक्रोफायबर आणले. दुसरे पान अद्याप ट्रंकेत आहे. मातोश्रींनी त्याचा विषय काढलेला नाही, आणि आम्हीही काढलेला नाही.