क्लाराबद्दलचं माझं जुनं भाषण

क्लारा शुमानवर माझं एक भाषण ठरलेलं होतं. पाश्चात्त्य संगीताच्या श्रवणसत्रांत ते हमखास रंगायचं. लाइपझिगची अलौकिक मुलगी, नवव्या वर्षी गेवांडहाउसच्या रंगमंचावर, सोळाव्या वर्षी मेंडेल्सोनच्या संचालनाखाली स्वतःचा पियानो कॉन्चेर्टो वाजवणारी. मग रॉबर्ट शुमानशी लग्न, आठ मुलं, आणि संसारात विझलेली संगीतकार. लग्नानंतर जाहीर वादन सोडलेल्या सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींची कहाणी ठाऊक असलेल्या श्रोत्यांना फारसं पटवून द्यावंच लागत नसे.

हे भाषण मी आता करत नाही. कारण अगदी रुक्ष आहे. मुलांची जन्मसालं आणि तिच्या रचनांची सालं मी एकदा शेजारी शेजारी लिहून काढली, आणि गोष्ट जुळेना.

लग्न १८४० चं. वडिलांनी, फ्रीडरिश वीक यांनी, संमती नाकारली म्हणून न्यायालयात जाऊन मिळवलेलं. माझ्या भाषणाप्रमाणे इथून पुढे शुकशुकाट हवा. प्रत्यक्षात तिचं सर्वांत पक्व काम इथून पुढचं आहे. १८४५ मध्ये प्रिल्यूड आणि फ्यूग, १८४६ मध्ये जी मायनरमधला पियानो ट्रिओ. आणि १८४६ हे चौथ्या मुलाच्या जन्माचंही वर्ष. लहानपणच्या चमकदार तुकड्यांपुढे हा ट्रिओ ऐकावा. वयात आलेली बुद्धी म्हणजे काय ते कळतं.

मग संसाराची झळ तिला लागलीच नाही का? लागली, पण मी सांगत होतो तिथे नाही. रॉबर्ट संगीत लिहायला बसला की तिचा रियाज बंद, कारण भिंतींपलीकडे सगळं ऐकू जायचं. ड्युसेलडॉर्फला बिल्कर रस्त्यावरच्या घरात मात्र त्याला त्रास न होता तिला वाजवता येऊ लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात, १८५३ मध्ये, तिने रॉबर्टच्या एका सुरावटीवरची व्हेरिएशन्स, पियानोचे रोमान्स, व्हायोलिन-पियानोचे तीन रोमान्स आणि सहा गाणी लिहिली. व्हायोलिनचे रोमान्स व्हायोलिनवादक योआखिमसाठी. घरात मुलांचा गलका, नवऱ्याची तब्येत ढासळत चाललेली, आणि ही एका उन्हाळ्यात एवढं लिहिते! तिला हवी होती ती दार लावता येईल अशी खोली.

फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण उरलेलं आयुष्य त्याने एंडेनिखच्या मनोरुग्णालयात काढलं; १८५६ मध्ये तो गेला. तिचं लेखन थांबलं ते इथे. माझ्या भाषणाची खरी पंचाईत हीच होती: लग्न टिकलं तोवर ती लिहीत होती, ते संपलं तेव्हा थांबली.

थांबली का, याचं माझं आताचं उत्तर काव्यमय नाही. सात मुलं पोसायची होती आणि पैसा मैफलींत होता. शिवाय तरुणपणी ती लिहायची त्यामागे बाजाराचाही रेटा होता. त्या काळी वादकाने स्वतःच्या चीजा वाजवून दाखवायच्या अशीच रीत होती. ती रीत मोडण्यात पुढे तिचाच मोठा हात. बीथोव्हन, शोपँ, रॉबर्ट, मग ब्राम्स, असा गंभीर कार्यक्रम, तोही बहुतेक पाठ वाजवलेला, तिने युरोपभर रुजवला. तिने जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिकाच १,३०० हून अधिक आहेत. १८७८ पासून फ्रँकफुर्टच्या होख संगीतशाळेत शिकवलं, शेवटची जाहीर मैफल १८९१ मध्ये केली. हे विझणं नव्हे, हा जवळपास सहा दशकांचा धंदा आहे, आणि धंदा हा शब्द मी आदराने वापरतो. तिची कीव करताना मी तिच्या या कर्तबगारीला तळटीप करून टाकलं होतं.

एक अडचण उरते. तिला आपल्या रचनांबद्दल मनापासून शंका होती, आणि बाईने लिहू नये असंही तिने रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. ती शंका काळाने तिच्यात पेरली होती, हे मी आजही म्हणेन. पण नवऱ्याच्या संगीतावर कात्री चालवताना तिचा हात कचरत नव्हता. रॉबर्टचा व्हायोलिन कॉन्चेर्टो तिने छापू दिला नाही. त्याचे चेलोसाठीचे पाच रोमान्स १८९३ मध्ये, त्याच्या नावाला शोभत नाहीत म्हणून, तिने नष्ट केले. ते आता कुणालाच ऐकता येणार नाहीत. त्याबद्दल मी तिच्यावर पूर्वीही चिडलेला होतो आणि आजही आहे.