अन्नदानाआधी भावाचा वाटा

माउली, तिकीट खिशात असेपर्यंत आपण फार उदार असतो. "लॉटरी लागली तर पंढरीत अन्नदान घालीन," असे म्हणतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तेव्हापासून असे किती नवस बोलले गेले असतील!

बक्षिसातून ३० टक्के आयकर जातो. उरलेल्याने सुख येते का? अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ विजेत्यांना विचारले. ते इतरांहून विशेष सुखी नव्हते. रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंदही कमीच होता.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तिकीट न काढताच लॉटरी लागली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या, मोबदला आला. सातबारा सामाईक, त्यावर चाकरमानी भावांचीही नावे. ज्या वरकस जमिनीकडे कोणी फिरकत नव्हते, तिच्या हिश्श्यावरून बोलणे तुटले. अशा एका घरी मी हरिपाठाला गेलो, तेव्हा एका भावाने टाळ घेतला, दुसरा पडवीतच बसून राहिला.

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण नेहमी सांगतो. पण निम्मी खते त्यांनी आधी धाकट्या कान्होबांना दिली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची, अशी कथा आहे. वैराग्यातही त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही.

म्हणून माउली, पैसा येण्याआधीच वाटे बोलून ठेवा. अन्नदान अवश्य करा. पण पहिले पान पडवीतल्या भावासाठी मांडा.

रामकृष्णहरी.