सभेनंतरची भाकरी : १९५७चा प्रचार आणि नगरचे रस्ते

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून निघाली आणि अहमदनगरला पोहोचली. (आजचे अहिल्यानगर. गोष्ट १९५७ची असल्याने पुढे जुनेच नाव वापरते.) ही तारीख स्पर्धापरीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी याच रस्त्यांवरून, आणि रस्ता संपल्यावर बैलगाडीच्या चाकोरीतून, एक प्रचार गावोगाव गेला. त्याच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा म्हटला की डोळ्यांसमोर फ्लोरा फाउंटन येते, शिवाजी पार्क येते. ते योग्यच आहे. रक्त तिथे सांडले. परंतु ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे वर्षभरातच वेगळे काम उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि १९५७मध्ये मतदान आले. गोळीबाराने पेटलेला संताप मतपेटीपर्यंत न्यायचा होता. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी आता एकाच व्यासपीठावर होती.

नगर जिल्हा हा अशा फिरतीची परीक्षा पाहणारा. आजच्या महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. उत्तरेला दौंड-मनमाड लोहमार्ग राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव असा जातो; प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि लोणीला सहकारी साखर कारखान्याची चिमणी धूर ओकत असते. दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, जामखेड : माळरान, ज्वारी आणि पाण्याची वाण. एकाच जिल्ह्यात कार्यकर्त्याला दोन निराळे देश ओलांडावे लागत.

त्यात प्रचाराचे दिवस म्हणजे माघ-फाल्गुन. उत्तरेत ऊसतोडीचा हंगाम, दक्षिणेत ज्वारीची काढणी. दिवसा माणूस गावात सापडणेच कठीण. म्हणून सभा रात्रीच्या. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. गॅसबत्ती लावायची, कर्णा असलाच तर मोटारीच्या बॅटरीवर चालवायचा. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर यांच्यासारख्या शाहिरांचे मोल आपण ‘लोकजागृती’ या गुळगुळीत शब्दात गुंडाळून टाकतो. माझ्या मते त्यांच्या कामाची एक बाजू निव्वळ व्यावहारिक होती : अंधारात, उघड्यावर, दिवसभर राबून आलेल्या माणसाला जागे ठेवणारा आवाज. अमर शेख शाहीर होण्यापूर्वी काही काळ मोटारीवर क्लीनर होते. रस्ता त्यांना कोणी शिकवावा लागला नसणार. १९६९मध्ये त्यांचा मृत्यूही इंदापूरजवळ अपघातात, रस्त्यावरच झाला.

या फिरत्या जगात वयाची सवलत कोणी मागत नसे. पारनेरला जन्मलेले सेनापती बापट १९५५च्या मे महिन्यात गोव्याच्या सत्याग्रहात उतरले, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आणि नगरच्या भुईकोट किल्ल्याचा एक योगायोग इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२नंतर त्या किल्ल्यात पंडित नेहरू बंदिवान होते, शंकरराव देवही होते. पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष या नात्याने देवांना आपली मागणी घेऊन याच जुन्या सहबंद्याकडे जावे लागले.

आता मुक्कामाचा प्रश्न. पदव्युत्तर प्रबंधासाठी हा प्रचार निवडला तेव्हा मी सभा, ठराव, वृत्तपत्रे यांच्या नोंदी काढत गेले. १५ नोव्हेंबर १९५६ला सुरू झालेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने कागदावर केवढी राळ उडवली, हे आपण जाणतोच. परंतु सभा आटोपल्यावर रात्री अकराला वक्ते, शाहीर, ढोलकीवाला, सायकलवर आलेले दोघे-तिघे जेवले कुठे, याचे उत्तर मला त्या कागदांत मिळाले नाही. ते घरातच मिळाले. माझी आजी त्या वर्षी चौदा वर्षांची, पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात नुकतीच नांदायला आलेली. भाषण कोणाचे होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, “भाषण कुठलं ऐकते बाई? मी चुलीम्होरं व्हते. आवाज तेवढा यायचा.”

वक्त्याचे नाव तिला आठवत नाही, तारीख तर नाहीच. माणसे नऊ होती, हे पक्के आठवते. पिठले, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. भाकऱ्या पुरेनात, तेव्हा सासूबाईंनी मागच्या दाराने शेजारून ज्वारी उसनी आणली आणि दोघी जात्यावर बसल्या.

ज्वारी उसनी का? ही मेख मला कितीतरी उशिरा उमगली. कोरडवाहू घरात माघाच्या अखेरीस कणगी तळाला लागते. जुने धान्य संपत आलेले, नवे अजून खळ्यावर. म्हणजे प्रचार ज्या आठवड्यांत ऐन भरात होता, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याला जेवू घालणारे घर सर्वांत रिकामे होते. समितीच्या जमाखर्चात ही उसनवारी कोणत्या रकान्यात लिहायची? खळे झाल्यावर सासूबाईंनी ती मापाने फेडली, वर ओंजळभर जास्त घातली, एवढे आजीने आवर्जून सांगितले.

निकाल सर्वश्रुत आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का बसला. नगरमधून रा. के. खाडिलकर आणि कोपरगावमधून फेडरेशनचे बा. चं. कांबळे लोकसभेत गेले. खाडिलकर पुढे काँग्रेसमध्ये गेले, लोकसभेचे उपाध्यक्षही झाले. राजकारणाचा रस्ता असा वळणे घेतच जातो. चौदा वर्षांच्या आजीला मत नव्हते. सासूबाईंना होते. त्यांनी ते कोणाला दिले, हे आजीने कधी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर या दिवाळीत जवळ बसा. नेत्यांची नावे विचारू नका, ती लगेच अडखळतात. त्या वर्षी रात्री मुक्कामाला कोण होते, अंथरूण कुठे घातले, पाणी कोणी भरले, ते विचारा. उत्तर त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवून घ्या आणि या धाग्याखाली तालुक्याच्या नावासह लिहा. जामखेड आणि कर्जतकडचे माझ्याकडे अजून एकही नाही.