पऱ्यांच्या मुलखातली माणसाची पोर

परी म्हटले की आम्हा दोघी जावांना नानीच्या गोष्टीतली कोहकाफची परी आठवते. देखणी, पंखवाली, वाट चुकलेल्या शहजाद्याला मदत करणारी. हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेच्या 'द क्रूअल प्रिन्स' (२०१८) या कादंबरीतल्या पऱ्या त्या जातीच्या नव्हेत. त्या ब्रिटन-आयर्लंडच्या जुन्या लोककथांतून आल्या आहेत. त्यांच्यात पुरुषही असतात, शिंगे-शेपट्यावालेही असतात, आणि माणूस म्हणजे त्यांच्या लेखी नोकर नाहीतर खेळणे. त्यांना लोखंड सोसत नाही. त्यांच्या जादूपासून वाचायला माणसाने जवळ मीठ बाळगायचे. हे ऐकून सासूबाई खूश झाल्या. नजर उतरवायला त्या आजही मीठच घेतात.

पुस्तक घरी आणले ते भाचीने. ती पंधरा वर्षांची आहे. आमची नणंद वारली तेव्हा ती चौथीत होती, तेव्हापासून ती आमच्याकडेच वाढली. हे एकच पुस्तक तिने लागोपाठ तीनदा वाचले, तेव्हा आम्हीही वाचायला घेतले. आमचे इंग्रजी बेताचेच. एकीने वाचायचे, दुसरीने भाजी निवडत ऐकायचे, अडले की पोरीला हाक मारायची. दीड महिना लागला.

सुरुवातीलाच खून आहे. मॅडॉक नावाचा सेनापती दारात येतो आणि सात वर्षांच्या ज्यूडच्या आई-वडिलांना मुलींच्या डोळ्यांदेखत ठार करतो. थोरली व्हिव्ही त्याची स्वतःची मुलगी; तिची आई त्याला सोडून माणसांच्या जगात पळून आलेली. तो व्हिव्हीबरोबर ज्यूडला आणि तिची जुळी बहीण टॅरिनलाही आपल्या मुलखात घेऊन जातो आणि नीट वाढवतो. इथे वाचणारीचा आवाज अडखळला. तो त्यांना सरदारांच्या मुलांबरोबर शिकवतो, ज्यूडच्या हाती तलवार देऊन स्वतः डाव शिकवतो. ती त्याचा द्वेष करते आणि तिची त्याच्यावर मायाही आहे. लेखिकेने यातले काहीच सोपे करून टाकलेले नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. या पऱ्यांना खोटे बोलताच येत नाही. म्हणून त्या सरळ आहेत असे मात्र नाही. अर्धेच सांगतात, शब्द असे निवडतात की ऐकणारा आपोआप फसावा. (लग्नाच्या बोलणीत असली सत्ये आम्हीही पुष्कळ ऐकली आहेत.) ज्यूडला मात्र खोटे बोलता येते, आणि त्या दरबारात तेच तिचे हत्यार होते. ती हेर बनते, विष बाधू नये म्हणून रोज थोडे थोडे विष पचवायला शिकते.

राजपुत्र कार्डनचे आम्हाला पटले नाही. तो तिला छळतो आणि पुढे ती त्याच्याकडेच ओढली जाते. छळणाऱ्याच्या पोटात प्रेमच असते ही समजूत मुलींच्या डोक्यात भरायला नको, हे आम्ही भाचीला स्पष्ट सांगितले.

"मामी, मी त्याच्यासाठी वाचतच नाही," ती म्हणाली.

मग कशासाठी?

"ज्यूडला तिथे सगळं मिळतं. जेवण, कपडे, शिक्षण. तरी ती तिथली नाही हे तिला रोज कळतं."

आम्ही दोघी गप्प झालो. मॅडॉकच्या घराशी आमच्या घराची बरोबरी ती करत नव्हती, हे आम्हाला कळत होते. तिच्या अम्मीची आठवण आमच्याकडे सगळेच काढतात. तरी शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या नावापाशी तिचे पेन थांबते ते आम्ही पाहिले आहे. ईदला पाहुणे येतात, "ही कुणाची?" विचारतात, आणि शिरखुर्म्याची वाटी घेता घेता कुणीतरी "बिचारी" म्हणतेच. त्या दिवशी तिने तो शब्दही सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

रक्तपात पुस्तकात भरपूर आहे. सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही ते देणार नाही. मोठ्या मुलींना जरूर द्यावे, आणि स्वतःही वाचावे. पुढचे दोन भाग, 'द विकेड किंग' आणि 'द क्वीन ऑफ नथिंग', २०१९ सालीच आले.

पहिला भाग संपला त्या रात्री भाचीने विचारले, ज्यूडने मॅडॉकला माफ करावे का? थोरली नाही म्हणाली, धाकटी हो म्हणाली. बराच वाद झाला. "आणि तुझं काय मत?" असे विचारल्यावर पोरीने दुसऱ्या भागाचे पहिले पान काढून मोठ्या मामीच्या मांडीवर ठेवले.