घारापुरीचा हत्ती, मुक्काम भायखळा

राणीच्या बागेत येणारी बहुतेक माणसं पेंग्विनच्या ओढीनं आलेली असतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा असलेला काळा दगडी हत्ती त्यांना जाता-येता दिसतो. पोरं बोट दाखवतात, आई ‘हो रे, हत्ती’ म्हणते आणि मंडळी पुढे सरकतात. त्या प्रत्येकाला हाताला धरून थांबवावं असं मला वाटतं. बागेची शोभा वाढवायला कुणी घडवून आणलेला हा हत्ती नव्हे. घारापुरीला सारं जग ‘एलिफंटा’ म्हणतं ते याच्यामुळे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज त्या बेटावर उतरले, तेव्हा दक्षिणेकडच्या राजबंदराजवळ हा उभा होता. लेणी वर डोंगरात. त्रिमूर्तीचं दर्शन व्हायच्या आधी गाठ पडायची ती याच्याशी. साहजिकच बेट याच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्याच्या पाठीवर आणखी एक लहानसं जनावर कोरलेलं होतं. जुन्या प्रवाशांपैकी कुणाला ते हत्तीचं पिल्लू वाटलं, कुणाला वाघ. वारा-पावसानं तेव्हाच ते इतकं झिजलं असणार, की पाहणाऱ्यांचं एकमत होईना.

उपनगरात वाढलेल्या माणसाला कोरलेला दगड नवा नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे, अंधेरीला महाकाली, जोगेश्वरीला जोगेश्वरीची लेणी. दगडही तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा बेसाल्ट. पण कान्हेरीचा उंच बुद्ध डोंगराच्याच अंगात आहे. त्याला उचलायचं तर डोंगर फोडावा लागेल. आपला हत्ती पडला सुट्या दगडातला. चारी बाजूंनी मोकळा, म्हणून तर तो इतका हत्तीसारखा दिसायचा. आणि मोकळा, म्हणूनच कुणाच्या तरी मनात त्याला न्यायचं आलं.

त्याआधी 1814 साली त्याची मान आणि डोकं आपोआप ढासळून पडलं होतं. पुढे पन्नास वर्षं तो तसाच राहिला. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला हलवायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. या प्रसंगाचं मला फार वाईट वाटतं, आणि तरीही सांगते, त्या पडण्यानंच तो आपल्याकडे राहिला. धड उचलला गेला असता, तर आज लंडनच्या एखाद्या दालनात असता आणि आपण तो चित्रांत पाहिला असता.

तुकडे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे या बागेत आले. 1914 मध्ये कॅडेल आणि ह्यूएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. कोणता तुकडा खांद्याचा, कोणता पोटाचा, हे त्या ढिगातून ओळखणाऱ्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे. फुटलेलं भांडं चिकटवावं तसं हे काम नव्हतं; एकेक तुकडा पेलायलाच माणसं लागली असतील. आजही जवळ जाऊन पाहिलं की त्याच्या अंगावर जोडकाम दिसतं. ते झाकू नये असंच मला वाटतं. त्याच्या आयुष्यात काय काय झालं, ते त्या सांध्यांवरूनच कळतं.

संग्रहालय 1872 मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावानं उघडलं, 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. ज्या डॉक्टरांनी ते उभं राहावं म्हणून खटपट केली, त्यांचंच ते नाव, हे फार योग्य झालं. 1965 नंतर शहरातल्या चौकांतून काढलेले ब्रिटिश पुतळेही या परिसरात आले: खुद्द व्हिक्टोरिया राणी, कॉर्नवॉलिस, वेलस्ली. काळा घोडा हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो घोडा आणि त्यावरचा सातवा एडवर्डही इथेच बागेत आहे. सगळेच आपापली जागा सुटलेले. पण त्या पुतळ्यांखाली नाव होतं, पदवी होती, पैसे देणारे होते. हत्ती कुणी घडवला, कुणाच्या सांगण्यावरून, याची एक ओळही मागे नाही. मला त्या मंडळीत तोच सर्वांत थोर वाटतो.

त्याला परत घारापुरीला न्यावं, असं अधूनमधून मनात येतं. पण दोनदा मोडलेल्या अंगाला आणखी एक होडीप्रवास नको. त्याऐवजी मुलुंड-घाटकोपरच्या शाळांनी एवढं करावं: गेटवेहून लाँचनं घारापुरीची सहल काढण्याआधी एकदा धिमी लोकल पकडून मुलांना भायखळ्याला आणावं, स्टेशनापासून चालत. आधी हत्ती, मग त्याचं बेट. बेटावर उतरताना इथे कोण उभं असायचं, हे त्यांना ठाऊक असेल. फक्त बुधवार टाळा. त्या दिवशी बाग आणि संग्रहालय, दोन्ही बंद असतात.