मेड इन जपान, दुरुस्ती उल्हासनगर

उल्हासनगरचा विनोद ऐकला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ छापलंय? म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! वर्गात मुलं अजूनही तो सांगतात. हसून झालं की मी विचारतो, खरी परदेशी वस्तू बिघडली की तुमच्या घरचे ती कुठे नेतात? अंबरनाथची मुलं असोत की बदलापूरची, उत्तर एकच येतं. उल्हासनगरला.

हे शहर फाळणीतून उभं राहिलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतात. घरदार मागे सोडून आलेल्यांनी मिळेल ते काम उचललं. बंद पडलेली वस्तू पुन्हा चालती करणं हे त्यातलंच एक.

आमच्या घरातला स्टिरिओ रिसीव्हर अब्बांनी १९८३ साली सौदीहून आणला. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत; कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर त्यालाच जोडायचे. तेव्हा आयात मालावर जबर जकात होती, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरी अशा वस्तू आखाताच्या वाटेनेच येत. पेटीच्या मागे एक छोटा स्विच आहे: ११०, १२०, २२०, २४०. सौदीत तेव्हा बऱ्याच घरांत १२७ व्होल्टची वीज असायची. आपली २३०. अशी जुनी पेटी तुमच्या हाती आली तर प्लग लावण्याआधी हा आकडा बघा. २४० ची सोय असेल तर त्यावरच ठेवा, ट्रान्सफॉर्मर कमी तापतो.

कॅम्पातल्या ज्या मेकॅनिककडे मी जातो त्यांना मी काका म्हणतो, ते मला मास्तर. बरीच वर्षं बंद असलेली मशीन ते थेट चालू करत नाहीत. “मास्तर, पहिले सिरीजवर.” म्हणजे वीज जुन्या पद्धतीच्या शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बमधून न्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. तरी जळतो तो बल्ब नाही आणि मशीनही वाचते.

सफाई मात्र घरी करता येते. प्लग काढायचा आणि लगेच झाकण उघडायचं नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्यांना हात लावणं हे मेकॅनिकचंच काम. धूळ मऊ ब्रशने सैल करायची आणि ब्लोअरने उडवायची; ओलं फडकं आत न्यायचं नाही. आवाज वाढवताना खरखर होते ती स्पीकरची नसते. व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पट्टीवर मळ आणि गंज बसलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आत मारायचा आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. नीट वाळल्यावरच वीज. बिजागरीला मारायचं तेल इथे चालत नाही, त्यावर पुन्हा धूळ चिकटते. सिलेक्टर स्विचमध्ये पुष्कळदा चांदीचा मुलामा असतो आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळी पडते. आमच्या तिन्ही गावांना कारखान्यांच्या हवेची ओळख करून द्यायला नको!

सगळ्यात जपायची ती डायलची काच. तिच्यावरचे आकडे बहुधा आतल्या बाजूने छापलेले असतात. स्पिरिटने पुसलं की काच चकचकीत होते आणि स्टेशनं गायब होतात. आतून फक्त ब्रश फिरवायचा.

बदलापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीने काय केलं तेही आपण पाहिलं. म्हणून आमची पेटी जमिनीपासून चार फूट वर, भिंतीला न चिकटवता असते. वर झालरीचं कापड नाही, कारण गरम हवा वरच्या जाळीतूनच बाहेर पडते. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर लावतो, स्वतःच्या उष्णतेनेच ती कोरडी राहते.

एवढी मेहनत कशासाठी, असं लोक विचारतात. अब्बांच्या एकाच फळीवर किरअतच्या कॅसेट, साबरी बंधूंच्या कव्वाल्या आणि पु. लं.चं कथाकथन शेजारी शेजारी असायचं. रात्री विविध भारतीवर ‘छायागीत’. एकाने दुसऱ्याला कधी ढकललं नाही. ते गेल्यावर एका नातेवाइकाने सांगितलं, दीनदार घरात वाद्यांचा आवाज नको, देऊन टाका. भंगारवाल्याने किलोचा भाव लावला. जुन्या मशीनचा एक शौकीन चांगली रक्कम द्यायला तयार होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा पैशांची गरजही होती. सगळे अम्मीकडे बघत होते. ती एवढंच म्हणाली, “हलाल की कमाई है. रहने दे.”

त्या वाक्यात वाळवंटातल्या उन्हाची अकरा वर्षं होती. पुढे कोणी काही बोललं नाही.

काकांच्या दुकानात आता मोबाईलचे डिस्प्लेच जास्त दिसतात. मुलाला या जुन्या कामात रस नाही, असं ते तक्रारीच्या सुरात नाही, सहज सांगतात. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात सोल्डरिंगची इस्त्री दिली आणि एक निकामी सर्किट पुढे सरकवलं. “शिकून घ्या मास्तर. मी किती दिवस?” सध्या दर रविवारी दुपारी मी त्यांच्या बाकावर बसतो. टाके अजून जाड येतात, पण पकडतात.