उन्हानं खाल्लेलं प्लास्टिक

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या गॅरेजात दुसरं काम घेताच येत नाही. खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून उभी करायची असते. धुतल्यावर मालकाच्या लक्षात येतं की पत्रा अजून चकाकतोय, पण बंपर, आरशांच्या टोप्या आणि दाराखालच्या पट्ट्या पांढुरक्या पडल्यात. मग गाडी नाशकात द्वारकेला येते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथं मिळतात, त्यामुळे नाशकातल्याइतक्याच गावाकडच्या गाड्याही माझ्या दारात असतात.

मागच्या वर्षी निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची 2004ची स्कॉर्पिओ आली. स्कॉर्पिओ 2002 साली पहिल्यांदा बाजारात आली ती आमच्या सातपूरच्या कारखान्यातून, म्हणून तिच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे. खालच्या अंगाचं राखाडी क्लॅडिंग चुन्यासारखं झालं होतं आणि पुढच्या बंपरच्या रंगाचे पोपडे निघत होते. "भाऊ, दर महिन्याला तेल लावतो, दोन दिवस काळं दिसतं, परत जैसे थे," मालक म्हणाले.

ते का होतं, हे गोदाघाटावर उभं राहिलं की समजतं. कोरडी पायरी फिकट दिसते, पाणी पडलं की तोच दगड काळाभोर होतो. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या जागी शिरतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. आत भरलेली टाल्कची पूड उघडी पडते. त्या खडबडीत थरावर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तेल भेगा भरतं, म्हणून काळं दिसतं. पावसानं तेल गेलं की भेगा जिथल्या तिथं असतात. हीट गनचंही तेच. वरचा पातळ थर वितळून गुळगुळीत होतो, काही महिने बरं दिसतं, आणि हात जरा रेंगाळला तर पट्टी वाकडी होते.

रंगाचं दुखणं मात्र वेगळं आहे. पद्मिनी गाडीच्या जमान्यात बंपर लोखंडाचा, वर क्रोम. आजचा बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे प्लास्टिक इटलीत जुलिओ नत्ता यांनी 1954 साली तयार केलं आणि 1963 साली त्यांना कार्ल झिग्लर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हलकं, चिवट, स्वस्त, पण मेणासारखं. त्याला काही चिकटत नाही. कारखान्यात रंगाआधी त्यावरून ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात. मी शिकाऊ असताना पत्र्याचाच प्रायमर बंपरवर मारला होता. गाडी सुंदर दिसली. दोन आठवड्यांनी धुताना पाण्याच्या जोरानं रंगाचा पापुद्रा वहीच्या पानासारखा सुटला. त्या दिवसापासून मी रंगाची गन उचलायच्या आधी पार्ट उलटा करून मागचा शिक्का वाचतो.

शिक्क्यावर "पीपी+ईपीडीएम-टी20" असं काही असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबर आणि वीस टक्के टाल्क. "एबीएस" असेल तर काम सोपं, कारण त्यावर रंग सहज बसतो. ग्रिल आणि आरशाच्या टोप्या बऱ्याचदा त्याच्या असतात. शिक्का पुसला असेल तर काही जण मागून सोललेली चकती पाण्यात टाकून बघतात: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पण टाल्क भरपूर असेल तर तेही बुडतं, म्हणून या परीक्षेवर माझा पूर्ण भरवसा नाही.

पहिले दीड दिवस मी त्या स्कॉर्पिओचं फक्त धुणं केलं. बागेत फवारतात त्या बोर्डो मिश्रणाचे डाग होते. मोरचुदाबरोबर त्यात चुना असतो, आणि चुना पांढऱ्या व्हिनेगरनं सुटतो. मग साबण, कोमट पाणी, मग सिलिकॉन काढणारं क्लीनर, दर वेळी नवं फडकं. घासणं त्यानंतरच. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत बसतं आणि रंग मारताना जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे खड्डे उठतात. शेवटी पाणी ओतून बघायचं: सलग पसरलं तर ठीक, मोत्यासारखे थेंब झाले तर पुन्हा पहिल्यापासून. मला विचाराल तर कारागिराची पारख इथं होते, गनमध्ये नाही.

बंपरचा जुना रंग पूर्ण काढला. प्लास्टिकचे केस उठू नयेत म्हणून पाण्याचा बारीक पेपर वापरला, मग प्लास्टिकचा प्रायमर. हा प्रायमर पाण्यासारखा पारदर्शक असतो. त्यातलं क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन एका अंगानं प्लास्टिकला धरतं, दुसऱ्या अंगानं रंगाला. पातळ मारायचा. जाड मारला की तोच थर मधून फाटतो, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा कोट बसला पाहिजे. वर बेस कोट, मग लवचीकपणाचं औषध घातलेलं क्लिअर. बंपर दाबला तर वाकतो, रंगालाही त्याच्याबरोबर वाकता आलं पाहिजे.

क्लॅडिंगवर मालकांना बंपरसारखीच चमक हवी होती. मी नको म्हणालो. त्या प्लास्टिकला साच्यातून आलेला दाणा आहे. चकाकता जाड रंग तो दाणा बुजवतो आणि पहिल्या गिट्टीला टवका उडतो. शेवटी मूळ राखाडीचेच दोन पातळ मॅट कोट मारले. आडव्या पट्टीवर द्राक्षाच्या मांडवाच्या खांबानं ओरखडा पाडला होता, तो त्यांनीच ठेवायला सांगितला.

एक गोष्ट मात्र मी कुणाचंही ऐकून सोडत नाही. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ श्वासात जात राहिली तर दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्या वाफेनंही धाप लागते. रुमाल किंवा कापडी मास्क तिला अडवत नाही. कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि त्याचं फिल्टर वेळेवर बदलावं लागतं. आमच्या धंद्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं नाकाला फडकं बांधून गन चालवताना दिसतात. माझ्या इथं मास्क नसेल तर कंप्रेसर सुरू होत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर, मार्चच्या शेवटी, ती स्कॉर्पिओ ब्रेकच्या कामाला शेजारच्या गॅरेजात आली. बंपरवर निळसर ठिपक्यांची रांग होती. ओलं फडकं घेऊन मी स्वतः पुसलं, मग कडेला नख लावून जोरात ओढलं. रंग हलला नाही.